एक्केचाळीस मिनिटं

मास्तरांनी पांढरा घोडा उचलला, काळं प्यादं मारलं, घोडा पुन्हा जागेवर ठेवला आणि उठून खिडकी लावली. थोड्या वेळाने ती उघडली. मग स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. तहान लागलेली नव्हती.

"एका जागी बसा की. घरात माणूस आहे का माशी, तेच कळेना झालंय," बायको म्हणाली. ती शिलाई मशीनवर उशीचा अभ्रा शिवत होती, पाहुण्यासाठी.

पाहुणा म्हणजे मास्तरांचा धाकटा भाऊ. दुपारी त्याच्या बायकोचा फोन आला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालाय, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन सोमवारी तुमच्या गावातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात आहे, माझे गुडघे मला येऊ देत नाहीत, दोन रात्री ते तुमच्याकडे राहिले तर चालेल का? बायकोने मास्तरांना न विचारताच चालेल म्हणून सांगून टाकलं होतं. सव्वीस वर्षं दोघा भावांत एका अक्षराचं बोलणं नव्हतं, पण जावांनी आपला धागा तुटू दिला नव्हता. रविवारी दुपारच्या बसने तो येणार होता. आज गुरुवार.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. गणवेश आणि दवाखान्याचे कोट शिवणाऱ्या एका कारखान्यात ते कटर होते, आणि कटरला सगळे मास्तरच म्हणतात. एकतीस वर्षं ते कापड कापत होते. चाळीस थरांची थप्पी मांडायची, वर पुठ्ठ्याचा खाका ठेवायचा, खडूने आखायचं, आखलेलं पुन्हा डोळ्यांखालून घालायचं आणि मगच कात्री लावायची. खडू पुसता येतो, कात्री पुसता येत नाही, हे त्यांचं वाक्य कारखान्यात इतक्यांदा ऐकलं गेलं होतं की बाया ते त्यांच्याआधी पूर्ण करायच्या.

बुद्धिबळही ते असंच खेळायचे आणि धाकट्याला त्यांनी असंच शिकवलं होतं. आधी खेळी कागदावर लिही, मग पटाकडे पुन्हा एकदा बघ, पटलं तरच मोहऱ्याला हात लाव. त्या काळी हे चालायचं. आता नियम उलटा झालाय, आधी खेळायचं आणि मग लिहायचं. मास्तरांना हे कळलं तेव्हा त्यांनी नियम करणाऱ्यांची अक्कल काढली होती.

पटावर आत्ता जो डाव मांडलेला होता तो धाकट्याचा होता. सव्वीस वर्षांपूर्वीचा, वाचनालयाच्या हॉलमधल्या स्पर्धेचा शेवटचा डाव. बुद्धिबळ मंडळाच्या पत्रकात तो छापून आला होता आणि त्याचं कात्रण मास्तरांच्या पाकिटात इतकी वर्षं घडी होऊन पडलं होतं. एकूण एकतीस खेळ्या. खाली कुणीतरी शेरा मारला होता : आठव्या खेळीत पांढऱ्याने कच खाल्ली.

कच खाल्ली हा शब्द मास्तरांना मान्य नव्हता. त्यांचा शब्द वेगळा होता. त्यांच्या मते धाकट्याने डाव विकला होता.

त्यांचं म्हणणं असं. या डावाची सुरुवात आम्ही दोघांनी घरी तीन आठवडे घोटून घोटून तयार केली होती. समोरचा खेळाडू कसा खेळतो हे माहीत होतं आणि पहिल्या सात खेळ्या अगदी आमच्या अंदाजाप्रमाणे पडल्या. पांढऱ्याचा राजा किल्ल्यात गेला, काळ्याने आपल्या डाव्या बाजूची प्यादी पुढे ढकलून आमच्या उंटावर चाल केली. आता आठवी खेळी. उंटाला मागे घ्यायचं नाही. घोड्याने ते आगाऊ प्यादं मारायचं. तो घोडा घेईल, घेऊ दे. उंटाने दुसरं प्यादंही मारायचं. घोड्याच्या बदल्यात दोन प्यादी मिळतात, काळ्याची ती बाजू उसवून जाते आणि त्याचा घोडा वजिराच्या पुढ्यात असा अडकतो की हलायची सोय राहत नाही. मास्तरांनी स्वतः शोधलेली खेळी. अख्ख्या मंडळात त्यांनी सांगून ठेवलं होतं की आठव्या खेळीला बघा काय होतं ते.

आठव्या खेळीला धाकट्याने उंट मागे घेतला. पुढे डाव ढेपाळत गेला आणि तो हरला. समोरचा खेळाडू मालवाहतूक कंपनीवाल्याचा मुलगा होता, आणि त्याच कंपनीच्या परगावच्या ऑफिसात धाकट्याला नोकरी लागली. दोन अधिक दोन चार. हॉलच्या जिन्यात, वीस-पंचवीस माणसांसमोर, मास्तर त्याला म्हणाले होते, "विकलास." धाकटा काहीतरी बोलायला गेला तर त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं होतं.

आणि आता रविवारी तो घरात येणार होता. दार उघडताना चेहरा कसा ठेवायचा, हेच मास्तरांना ठरत नव्हतं. त्यांना खात्री हवी होती. खात्री असली की माणूस आजारी भावालासुद्धा ताठ मानेने भाकरी वाढू शकतो. म्हणून संध्याकाळी कारखान्यातून आल्यापासून ते पुन्हा पुन्हा घोडा उचलून ते प्यादं मारत होते. प्रत्येक वेळी पांढरा झकास दिसत होता आणि तरीही त्यांचा पाय हलायचा थांबत नव्हता.

मुलीने सासरी जाण्याआधी त्यांच्या फोनमध्ये बुद्धिबळाचा एक प्रोग्रॅम घालून दिला होता. कुठलाही डाव दाखवा, चूक कुणाची ते तीन सेकंदांत सांगतो. मास्तरांनी त्याला पेपरातले डाव दाखवले होते, हा डाव कधी दाखवला नव्हता. यंत्राला माणूस कळत नाही असं ते म्हणत. खरी गोष्ट अशी की त्यांना भीती वाटायची, आणि भीती वाटते हे त्यांनी स्वतःलासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

बायकोने अभ्रा झटकला, दोरा तोडला आणि मशीनचा खण उघडला. बॉबिन, सुया, चॉक, मोडकी टेप यांच्या तळातून तिने एक घडी केलेला कागद काढला आणि पटाच्या कडेला ठेवला.

"हे काय?"

"भावजींनी दिलं होतं. त्याच संध्याकाळी. म्हणाले, दादा शांत झाला की दे."

मास्तरांनी कागदाला हात लावला नाही. "मग आत्ता देतेस?"

"तुम्ही शांत व्हायची वाट बघत होते," ती म्हणाली. "बघता बघता सव्वीस वर्षं झाली. आता माणूसच दारात येतोय, अजून किती वाट बघू?"

ती उशी घेऊन आत गेली. मास्तरांना राग आला, पण कुणाचा ते लवकर ठरेना, म्हणून त्यांनी कागद उघडला.

डावाची नोंद होती, धाकट्याच्या हातची. पत्रकात छापलेल्याच खेळ्या, पण छापील कागदात जे नसतं ते इथे होतं. समासात त्याने घड्याळ लिहिलं होतं, आपली किती मिनिटं गेली ते. सातव्या खेळीपुढे चौदा. आठव्या खेळीपुढे पंचावन्न. एका खेळीला एक्केचाळीस मिनिटं. दीड तासाच्या डावात एवढी मिनिटं एका खेळीवर घालवली तर पुढे धावाधाव होणारच. तशी ती झाली होती. विसाव्या खेळीनंतर अक्षर वाकडं होत गेलं होतं, एके ठिकाणी पेन कागदात रुतलं होतं, आणि हत्ती फुकट गेला ती खेळी तर जेमतेम वाचता येत होती.

आणि आठव्या रकान्यात एक खेळी खोडलेली होती. एकच सरळ रेघ. रेघेखाली स्वच्छ दिसत होतं : घोडा मारतो प्यादं. मास्तरांची खेळी. आधी ती लिहिली होती, मग खोडली होती, आणि बाजूला लहान अक्षरात उंट मागे घेतला होता.

मास्तर कितीतरी वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. विकणारा माणूस विकायचं ठरवूनच येतो. तो आधी बरोबर खेळी लिहून एक्केचाळीस मिनिटं कशाला बसेल? का हेही नाटकच? लोकांना दाखवायला कागदावर लिहून ठेवायचं आणि मग मोडायचं? पण लोकांना तर त्याने दाखवलंच नव्हतं. वहिनीच्या हातात दिलं होतं.

त्या रात्री त्यांना झोप लागली ती तुकड्यातुकड्यांनी.

शुक्रवारी कारखान्यात आकाशी कोटांची ऑर्डर होती. कापड एका अंगाने तुकतुकीत, दुसऱ्या अंगाने मंद. अशा कापडाला सुलट-उलट बघावं लागतं. चाळीस थर एकावर एक, सगळे तुकतुकीत बाजू वर करून मांडले. पाठ कापून झाली, पुढचे भाग कापून झाले. मास्तरांचे हात काम करत होते आणि डोकं आठव्या रकान्यात होतं. तो तिथे बसून काय बघत होता? पटावर असं काय होतं की जे मला दिसलं नाही आणि त्याला दिसलं? की दिसलं नाहीच, आणि नुसताच घाबरला? घाबरला असेल तर तो विकला गेला नव्हता. मग मी त्याला जे म्हणालो ते काय होतं?

बाह्यांचा खाका ठेवला, आखला. शेजारी पुन्हा ठेवला, आखला. मशीन चालवलं. दोन गठ्ठे बांधून शिलाईला पाठवले.

तासाभराने मावशी आल्या. मावशी म्हणजे शिलाईच्या बायांतल्या सगळ्यांत जुन्या, मास्तरांच्याही आधीपासूनच्या. त्यांच्या दोन्ही हातांत एकेक बाही होती. दोन्ही बाह्या त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. मास्तरांनी बघितलं. दोन्ही बाह्यांचं वळण एकाच बाजूला होतं.

"मास्तर, त्या दवाखान्यात सगळ्यांना दोन्ही हात डावेच आहेत का?" मावशींनी विचारलं.

मागून दोन-तीन बाया फिसकन हसल्या आणि लगेच गप्प झाल्या, कारण मास्तरांचा चेहरा हसण्यासारखा राहिला नव्हता. ऐंशी बाह्या, ऐंशीच्या ऐंशी डाव्या. एका बाहीसाठी खाका सुलटा ठेवायचा आणि दुसरीसाठी पालथा, हे कटिंगला लागलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. एकतीस वर्षांत मास्तरांनी स्वतः सात-आठ जणांना शिकवलं होतं.

"होतं असं," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात याच कापडाचे आणखी चाळीस कोट आहेत. तेव्हाच्या बाह्या आजच कापा, उजव्या. कुणाला कळायचं नाही. पण खाका पालथा घालायला तुम्ही विसरलात म्हणजे काहीतरी आहे. घरी जा आज."

मास्तर घरी गेले नाहीत. त्यांनी खाका पालथा घातला आणि ऐंशी उजव्या बाह्या कापल्या, एकेक रेघ तीनदा बघून. पण खाका उलटवताना त्यांच्या मनात काहीतरी अडकलं होतं आणि ते घरी पोचेपर्यंत सुटलं नाही. तोच पुठ्ठा, तेच माप, फक्त पालथा घातला की दुसराच हात होतो.

घरी आल्यावर त्यांनी चपला काढल्या आणि कपडे न बदलता पटापाशी गेले. पट खिडकीपाशी होता, सव्वीस वर्षांपूर्वी असायचा तिथेच. पांढऱ्याच्या बाजूला त्यांची खुर्ची. काळ्याच्या बाजूला पत्र्याची ट्रंक. धाकटा तिच्यावर बसायचा, कारण घरात खुर्ची एकच होती आणि ती मोठ्याची होती. तीन आठवडे रोज संध्याकाळी मास्तर या खुर्चीतून पांढरं खेळले होते. स्पर्धेत पांढरं खेळायचं होतं धाकट्याला, पण खेळी मास्तरांची, म्हणून खुर्चीही त्यांचीच. पुढच्या सव्वीस वर्षांतही त्यांनी हा डाव कधी दुसरीकडून बघितला नव्हता.

ते वळसा घालून ट्रंकेवर बसले. ट्रंक कुरकुरली.

पट एकदम अनोळखी वाटला. त्यांनी हात लांब करून पांढऱ्याच्या वतीने आठवी खेळी केली, घोड्याने प्यादं मारलं. आपल्या बाजूने घोडा घेतला. पांढऱ्या उंटाने दुसरं प्यादं मारलं. इथपर्यंत नेहमीचं. आणि मग त्यांचं लक्ष आपल्याच डाव्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे काळा हत्ती होता. म्हणजे हत्ती नव्हता, दोऱ्याचं रिकामं रीळ होतं. खरा हत्ती लहानपणीच हरवला होता. रिळाच्या पुढ्यातली प्यादी पांढऱ्यानेच साफ करून दिली होती.

त्यांनी रीळ एक घर उजवीकडे सरकवलं.

ते उभी रांग धरून उभं राहिलं. रांगेत पांढरा उंट, आणि रांगेच्या दुसऱ्या टोकाला थेट पांढरा राजा. उंट मागे घेतला तर काळा उंट धावून वजिरावर येतो. वजीर बाजूला झाला तर काळा घोडा मधोमध येऊन बसतो, आणि त्यानंतर राजाला पळायला घर नाही. मास्तरांनी पांढऱ्याकडून हे करून बघितलं, ते करून बघितलं. दुसरा उंट, वजीर, प्यादी. काही चालत नव्हतं. काळ्याची बाजू उसवून जाते म्हणून ते इतकी वर्षं खूश होते, आणि काळ्याचा राजा त्या बाजूला गेलेलाच नव्हता. तो अजून मधेच उभा होता. दार फोडलं होतं ते रिकाम्या घराचं, आणि त्या फुटक्या दारातून त्याचा हत्ती बाहेर आला होता.

या ट्रंकेवर बसल्यावर हे दिसायला त्यांना दहा मिनिटंही लागली नाहीत.

आणि मग आवाज आठवला. आठवला म्हणण्यापेक्षा इतकी वर्षं तो तिथेच ट्रंकेवर बसून होता. स्पर्धेच्या तीन-चार दिवस आधीची संध्याकाळ. "दादा, जरा इकडून बघ ना." आणि स्वतःचं उत्तर : "पट तोच आहे. कुठूनही बघ."

बायको चहा घेऊन आली तेव्हा मास्तर ट्रंकेवर बसलेले होते आणि त्यांच्या मुठीत रीळ होतं.  त्यांनी सांगितलं, खेळी चुकीची होती. कुणाची, ते सांगायला त्यांना चहा संपेपर्यंतचा वेळ लागला.

"मग त्याला नोकरी कशी मिळाली तिथे?" ते अचानक म्हणाले, बुडत्याने काडी धरावी तसे. "हरला आणि लगेच त्याच कंपनीत?"

"लगेच?" बायकोने कप उचलला. "दोन महिन्यांनी. तुमच्याच कारखान्यात होते ना ते, तुमच्या हाताखाली. तुम्ही जिन्यात तसं बोललात, त्यानंतर एक दिवस तरी आले का कामाला? दोन महिने घरी बसले. तो मुलगाच बोलवायला आला होता, समोर खेळलेला. त्याने जिन्यातलं सगळं ऐकलं होतं. त्याला वाईट वाटलं."

म्हणजे ज्याला ते पुरावा समजत होते तो त्यांच्याच बोलण्यातून जन्माला आला होता. मास्तर उठले, खिडकी लावली, उघडली, पुन्हा बसले. शनिवार त्यांनी असाच काढला. कारखान्याला अर्धी सुट्टी होती. त्यांनी धाकट्याच्या खाटेचा हलता पाय ठोकून घेतला, दोनदा झाडू मारला, बाजारातून नको ती भाजी आणली. फोन करून आत्ताच सांगावं असं तीनदा वाटलं आणि तिन्ही वेळा नंबर लावण्याआधी हात आवरला. असल्या गोष्टी फोनवर सांगून सुटका करून घ्यायची नसते, एवढं त्यांना कळत होतं.

रविवारी बस वेळेवर आली. मास्तर स्टँडवर गेले नाहीत; बायको गेली. माझं तोंड बघून तो तिथूनच परत फिरला तर, असं काहीतरी ते पुटपुटले. खरं म्हणजे पाय निघत नव्हता. दार मात्र त्यांनीच उघडलं.

धाकटा पन्नाशी ओलांडलेला, केस मास्तरांपेक्षा पांढरे, डोळ्यांवर भिंगासारखा चष्मा. त्याने उंबरठा पायाने चाचपला आणि मग समोरच्या आकृतीकडे मान वर केली.

"दादा?"

"ये," मास्तर म्हणाले. एवढंच तोंडातून निघालं.

जेवताना बायकोच बोलत होती. गुडघे, बस, डोळ्यांचे डॉक्टर. भाऊ दोघेही ताटात बघत होते, त्यातला एक तर दिसत नसतानाही. शेवटी मास्तरांनी शुक्रवारची गोष्ट सांगितली, ऐंशी बाह्यांची. धाकट्याचा घास थांबला.

"ऐंशीच्या ऐंशी?"

"डाव्या."

"आणि कापल्या कुणी, तू?"

तो हसायला लागला. आधी खाली मान घालून, मग मोकळा. चष्मा काढून डोळे पुसावे लागले इतका. पहिल्या आठवड्यात खाका पालथा घालायला विसरला म्हणून मास्तरांनी त्याला सगळ्या बायांदेखत उठाबशा काढायला लावल्या होत्या. मावशी अजून आहेत का, त्याने विचारलं. आहेत म्हटल्यावर तो पुन्हा हसला.

जेवण झाल्यावर मास्तरांनी त्याचा हात धरून खिडकीपाशी नेलं आणि खुर्चीत बसवलं. स्वतः ट्रंकेवर बसले. ट्रंक कुरकुरली तशी धाकट्याने मान तिरकी केली.

"ट्रंकेवर तू बसलायस?"

"हं."

धाकट्याने हात पुढे केला. पट त्याला धूसर दिसत असावा. तो बोटांनी मोहऱ्यांची टोकं हलकेच चाचपत गेला. राजा किल्ल्यात. उंट कडेला. समोर पुढे आलेलं प्यादं. पटाच्या पलीकडच्या कोपऱ्यात त्याची बोटं रिळावर थांबली आणि तिथेच राहिली.

"सातवी झालीये," तो म्हणाला.

"आठवी मी करतो. माझी," मास्तर म्हणाले. त्यांनी हात लांब करून घोडा उचलला, प्यादं मारलं. घोडा गेला. उंटाने दुसरं प्यादं मारलं. प्रत्येक खेळी ते तोंडाने सांगत होते आणि आवाज नीट राहावा म्हणून सावकाश सांगत होते. "आता काळ्याची पाळी. तू ट्रंकेवर बसायचास, तेव्हा इथे काय दिसायचं तुला?"

 धाकट्याने हातातलं रीळ एक घर सरकवलं.

खाली रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं. तिचं चाक बराच वेळ ऐकू येत राहिलं.

"माझी खेळी चुकीची होती," मास्तर म्हणाले. "आणि जिन्यात तुला बोललो ते तर पापच होतं. तुझी वहिनी आली की तिच्यासमोरही सांगतो. अजून कुणासमोर सांगायला हवं ते तू सांग."

"कधी कळलं तुला?"

"शुक्रवारी."

"सव्वीस वर्षं आणि एक शुक्रवार," धाकटा म्हणाला. त्यात राग शोधायचा तर मास्तरांना तो सापडला असता, पण तो तितकासा नव्हता.

मास्तरांनी खिशातून कागद काढला. तो त्याला दिसणार नव्हता तरी त्याच्या हातात दिला. "एक विचारायचं होतं. हत्तीची चाल तुला आधीपासून ठाऊक होती. मला दाखवायला गेलास, मी बघितलं नाही. मग तिथे एक्केचाळीस मिनिटं काय शोधत होतास?"

धाकट्याने कागदाची घडी उघडली, बोट फिरवलं, पुन्हा घातली.

"लिहिली होती मी तुझी खेळी. दादाने सांगितलंय म्हणून. पण हात धजेना. खोडली, तेव्हा पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती." तो थांबला. "नंतर दार उघडं होतं, तिथून तू दिसत होतास, जिन्यात. चार माणसांना सांगत होतास, आता बघा. मी खेळी नव्हतो शोधत दादा. बाहेर आल्यावर तुला काय सांगायचं, ते शोधत होतो."

"मग?"

"नाही सापडलं."

मास्तरांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही. समोरच्याला दिसत नाही म्हणून नव्हे, लपवायचं काही उरलं नव्हतं म्हणून.  धाकट्याने चाचपत चाचपत मोहरी मागे घेतली : रीळ, उंट, प्यादी, घोडा, सगळी सातव्या खेळीपर्यंत जागच्या जागी. एकही चुकलं नाही. मग पांढरा उंट त्याने एक घर मागे घेऊन ठेवला.

"उंट मागे," तो म्हणाला. "ही काही वाईट खेळी नव्हती. वेळ असता तर हा डाव मी जिंकलो असतो. खेळ आता. तुझी पाळी."

"तुला दिसत नाहीये."

"तू बोलून सांग. माझ्या डोक्यात आहे पट."

मास्तर ट्रंकेवर पुढे सरकले. हा डाव त्यांना तोंडपाठ होता, पण काळ्याकडून तो त्यांनी कधी खेळलाच नव्हता. कुठल्या मोहऱ्याला हात घालावा ते त्यांना सुचेना. त्यांनी घोड्याकडे बघितलं, रिळाकडे बघितलं, पुन्हा घोड्याकडे. बायको दारात येऊन उभी राहिली आणि मागे फिरली.

"घाई नाही," धाकटा म्हणाला.

मास्तरांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि पटाच्या कडेला पालथं ठेवलं.